५०६० टीआय ८ जीबी की १६ जीबी? नाव एक, कार्डं दोन

मागच्या महिन्यात सांगलीहून मावसभावाचा फोन, गेमसाठी नवीन ग्राफिक्स कार्ड मागवलं होतं त्याने. "दादा, कार्ड आलं, ५०६० टीआय, पण तू पाठवलेल्या रिव्ह्यूत जसं चालत होतं तसं काही चालत नाहीये, मधेच असे हिसके बसतायत की गाडी शेवटच्या थेंबावर आलीय असं वाटतं." मी विचारलं कुठलं ५०६० टीआय घेतलंस, तर म्हणे कुठलं म्हणजे? एकच असतं ना?

तर नाही. आणि हा घोळ त्याच्या एकट्याचा नाहीये, मिड-बजेटमध्ये पीसी बांधणारे निम्मे लोक इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एनव्हीडियाने १६ एप्रिल २०२५ ला आरटीएक्स ५०६० टीआय आणलं ते एकदम दोन प्रकारांत, ८ जीबी ३७९ डॉलरला आणि १६ जीबी ४२९ डॉलरला. आता गंमत बघा, दोन्हीत चिप तीच, कोर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) ४६०८ च, मेमरी जीडीडीआर७ प्रकारचीच, बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता) १२८ बिटचीच, मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी, वीज १८० वॉटच्या आसपास. फरक फक्त मेमरी किती बसवलीय एवढाच. ८ वाल्यात २-२ जीबीच्या चार चिपा असतात, १६ वाल्यात तशाच आठ, चार बोर्डाच्या पुढच्या बाजूला आणि चार पाठीमागे, पण दोन-दोन चिपा मिळून एकच रस्ता वापरतात त्यामुळे मेमरी दुप्पट होऊनही वेग आहे तेवढाच राहतो.

म्हणून "१६ जीबीवालं डबल फास्ट असणार" असं कोणी सांगत असेल तर चक्क चुकीचं आहे. व्हॅलोरंट, सीएस२, आपलं जुनं जीटीए ५, हे गेम १०८०पीवर (म्हणजे फुल एचडी) दोन्ही कार्डांवर लावा, एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम्स दिसतात त्यात) तुम्हाला फरक शोधून सापडणार नाही. ओटा मोठा केला म्हणून पोळ्या भरभर लाटल्या जात नाहीत ना, तसंच.

पण ओट्यावरची जागा संपली की काय होतं? मग कणीक आत, तवा इथे, डबा तिसरीकडे, आणि दर पोळीला आतल्या खोलीत चक्कर. कार्डाचंही अगदी हेच होतं. गेमची टेक्स्चर्स (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं), रे ट्रेसिंगचा (खऱ्यासारख्या प्रकाश-सावल्यांचा) डेटा, तयार होणाऱ्या फ्रेम्स हे सगळं व्हीरॅममध्ये, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, मावलं पाहिजे. नाही मावलं की उरलेलं कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातं आणि लागेल तेव्हा मदरबोर्डाच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून (कार्ड बसतं ती खाच, पुढे नुसतं पीसीआय म्हणतो) परत ओढून आणावं लागतं. आणि तो रस्ता किती अरुंद आहे ते बघा: कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी, आणि स्लॉटमधून? स्लॉट पीसीआय ५.० पिढीचा असेल तर साधारण ३२, ४.० असेल तर १६, ३.० असेल तर जेमतेम ८. कारण ५०६० टीआय १६ नाही तर फक्त ८ लेन (स्लॉटमधल्या समांतर वाटा) वापरतं, स्लॉट लांबीला पूर्ण भरलेला दिसला तरी.

मावसभावाची मेख इथेच होती. मदरबोर्ड जुना, बी४५०, म्हणजे पीसीआय ३.०. ८ जीबी भरली की त्याचं कार्ड सगळ्यात अरुंद दारातून सामान आणत बसतं. हेच ८ जीबीचं कार्ड नव्या बोर्डावर असतं तर हिसके कमी बसले असते, अगदीच गेले नसते पण कमी. आणि ज्यांच्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे त्यांनी तर नीट वाचा, बोर्ड बी५५०, म्हणजे ४.० चा, असला तरी तो प्रोसेसर ३.० च देतो, ५६०० आणि ५६००जी मधला हा फरक दुकानात सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

यातला बेरकीपणा असा की ८ जीबी भरली हे एफपीएसच्या आकड्यात दर वेळी दिसतच नाही. काही गेम सरळ अडखळतात, सरासरी ७० दाखवतात पण मधेच १५ वर आपटतात. काही गेम हुशार, ते एफपीएस जागच्या जागी ठेवतात आणि गुपचूप हलक्या दर्जाची टेक्स्चर्स टाकतात, मग भिंतीवरची पाटी ओल्या कागदावर छापल्यासारखी दिसते आणि तुम्हाला वाटतं गेमच फालतू बनवलाय. २०२३ मध्ये हॉगवर्ट्स लेगसी आणि द लास्ट ऑफ अस पार्ट १ पीसीवर आले तेव्हा ८ जीबीवाल्यांनी हे भरपूर भोगलं, नंतरच्या पॅचने बरंच सुधारलं म्हणा. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमने तर किमान गरजेतच ८ जीबी लिहिलं, किमान!

आणि अजून एक, जे मला स्वतःला सगळ्यात खटकतं. एनव्हीडियाची ही ५० सिरीज विकली कशावर जाते, तर फ्रेम जनरेशनवर, म्हणजे डीएलएसएस हे त्यांचं सॉफ्टवेअर दोन खऱ्या फ्रेम्सच्या मधल्या फ्रेम्स स्वतः तयार करून एफपीएसचा आकडा वाढवतं. पण त्या फ्रेम्स तयार करायलाही व्हीरॅम लागते, रे ट्रेसिंगलाही लागते. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी नवीन कार्ड घ्यायचं त्याच चालू केल्या की ८ जीबी आधी भरणार. नवरदेवाला घोड्यावर बसवायचं आणि लगाम काढून घ्यायचा असा प्रकार आहे राव.

रिव्ह्यूचंही सांगतो. कार्ड आलं त्या दिवशीचे बहुतेक रिव्ह्यू १६ जीबीचे होते, कारण रिव्ह्यूवाल्यांना ८ जीबीचं कार्ड कंपनीकडून मिळालंच नव्हतं, ज्यांना तपासायचं होतं त्यांनी नंतर स्वतः विकत घेऊन तपासलं. त्यामुळे "५०६० टीआय रिव्ह्यू" शोधलं की मथळ्यात नाव तेवढं दिसतं, आतलं कार्ड १६ चं, आणि आपण स्वस्त म्हणून ८ चं मागवतो. माझ्या मावसभावाने अगदी हेच केलं, आणि लिंक मीच पाठवली होती, त्यामुळे जास्त बोलायची सोय नाही.

एनव्हीडियाची स्पर्धक एएमडी, तिच्याकडे पण हाच खेळ आहे. आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये आलं, ८ जीबी २९९ डॉलर, १६ जीबी ३४९, नाव तेच. फक्त ते पूर्ण १६ लेन वापरतं, म्हणून जुन्या ३.० बोर्डावर त्याला दार दुप्पट रुंद मिळतं. जुना बोर्ड ठेवून नुसतं कार्ड बदलायचं असेल तर मी आधी १६ जीबीचं ९०६० एक्सटी बघेन, एनव्हीडियाचंच काही खास सॉफ्टवेअर लागत नसेल तर.

आता सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी, कारण तिथे हा घोळ जास्त महागात पडतो. ५०६० टीआयमध्ये निदान फक्त मेमरीच वेगळी आहे, सगळीकडे तसं नसतं. २०१६ च्या जीटीएक्स १०६० चं ३ जीबी आणि ६ जीबी घ्या, ३ वाल्यात कोरच कमी होते, १२८० च्या जागी ११५२. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी आणि नंतर आलेलं ८ जीबी, कोर सारखे पण बस १९२ बिटवरून १२८ वर आणली, वेग ३६० वरून २४० जीबी, म्हणजे इथे मेमरी कमी आणि कार्डही खरोखर हळू. ३०५० चं ६ जीबी तर जवळपास वेगळंच कार्ड, कोर कमी, बस ९६ बिट, पण ७० वॉटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या जुन्या डब्यात टाकायला तेच सोयीचं. विकणारा नुसतं "३०६० आहे, मस्त कंडिशन" म्हणतो तेव्हा त्याला जीपीयू-झेडचा (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनशॉट मागा आणि बस विड्थ बघा, खोक्यावर जाऊ नका.

विंडोजचा टास्क मॅनेजर बघून स्वतःचं समाधान करून घेणारेही खूप आहेत. तिथे "डेडिकेटेड जीपीयू मेमरी" ८ जीबी आणि खाली "शेअर्ड" पण ८ जीबी दिसते, बेरीज करून लोक म्हणतात माझ्याकडे १६ आहे की. ती शेअर्ड म्हणजे तुमच्या साध्या रॅममधलाच अर्धा हिस्सा, तीच ती आतली खोली.

मग घ्यायचं कुठलं? १०८०पी मॉनिटर, मुख्यतः ऑनलाइन गेम, वर्षाला एखादा मोठा गेम आणि सेटिंग खाली करायला लाज वाटत नसेल तर ८ जीबीत भागतं, टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणलं की बऱ्याच ठिकाणी प्रश्न मिटतो आणि डोळ्याला फारसं कळतही नाही. त्याहून जास्त रिझोल्यूशनचा १४४०पी मॉनिटर असेल, कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल, किंवा घरी एआयचे मॉडेल चालवून बघायचे असतील तर १६ च, तिथे मी दुसरा विचार करणार नाही. दोघांतला ५० डॉलरचा फरक हा कागदावरचा, २०२५ च्या शेवटाला मेमरीचे भाव भडकले तेव्हापासून तो कधी किती असेल सांगता येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीच भाव काढा, लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन. आणि बिलावर जीबीचा आकडा लिहून घ्या, नुसतं "५०६० टीआय" चालणार नाही, उद्या परत करायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

मावसभाऊ कार्ड परत करायला निघाला होता, मुदत उलटून गेलेली. मी म्हटलं आधी टेक्स्चर हायवर घे आणि फ्रेम जनरेशन बंद कर. रात्री मेसेज आला, हिसके गेले. दुसऱ्या दिवशी परत मेसेज, "दादा, १४४०पी मॉनिटरवर ऑफर लागलीय, घेऊ का?"

मी अजून रिप्लाय केलेला नाही.