शुभेच्छापत्रातली कोरी ओळ

सण आला की ऑनलाइन समूहात एकच शुभेच्छा शेकडो जणांना एकदम जाते. ‘पूर्वी लोक मनापासून लिहायचे, आता नुसतं फॉरवर्ड करतात’ अशी हळहळही दरवर्षी ऐकू येते. मला ती पुरती पटत नाही, कारण छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी सवड नसल्यामुळे झाला.

ब्रिटनमध्ये १८४० पर्यंत टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला, तेही अंतरानुसार, भरावे लागत. त्या वर्षी टपालसुधारक रोलंड हिल यांची योजना लागू झाली आणि अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र एका पेनीत देशभर जाऊ लागलं. पैसे आता पाठवणाऱ्याने भरायचे होते. पत्र स्वीकारणाऱ्यावर भुर्दंड नाही म्हटल्यावर नुसतं ‘आठवण आली’ एवढंच कळवायलाही संकोच उरला नाही. ही पद्धत रुजवण्यात हिल यांना साथ देणारे हेन्री कोल पुढे स्वतःच्याच पत्रव्यवहाराने बेजार झाले. १८४३ च्या नाताळात प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिणं जमेना, तेव्हा त्यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून एक कार्ड काढून घेतलं. मधोमध पेले उंचावलेलं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देणारी माणसं. चित्रातलं लहान मूलही वाइन पिताना दिसतं, म्हणून दारूबंदीवाले चिडले. मला महत्त्वाची वाटते ती त्यावरची कोरी जागा. मजकूर सगळ्यांना सारखा. ‘कोणास’ आणि ‘कोणाकडून’ एवढं मात्र हाताने भरायचं.

संगणकाच्या जगात ही कोरी जागा बराच काळ डळमळत राहिली. फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी सीबीबीएस हा संगणकावरचा सूचनाफलक सुरू केला. आपल्या संगणकावरून फोन लावून त्यात शिरायचं, आणि फोनची लाइन एकच असल्याने एका वेळी एकालाच आत येता यायचं. पण तिथे चिकटवलेला निरोप येणाऱ्या प्रत्येकासाठी असायचा. प्रत्यक्ष कधी न भेटलेल्या, घरचा पत्ताही ठाऊक नसलेल्या माणसांशी मैत्री जमण्याची सोय अशा फलकांनी केली. टपालाने कार्ड पाठवायला पत्ता लागतो. इथे टोपणनाव पुरायचं.

डिसेंबर १९८७ मध्ये नाव भरण्याचं काम यंत्रावर सोपवलं तर काय होतं ते दिसलं. जर्मनीतल्या क्लाउस्थाल इथल्या एका विद्यार्थ्याने छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला की पडद्यावर अक्षरांनी रेखलेलं नाताळचं झाड आणि शुभेच्छा दिसायच्या. त्याच वेळी तो त्या माणसाच्या संपर्कयादीतल्या सगळ्यांना आपली प्रत धाडायचा. पाहता पाहता युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांची जाळी आणि आयबीएमचं अंतर्गत जाळं या प्रतींनी तुंबलं. ओळखीच्याकडून आलेली शुभेच्छा म्हणून लोकांनी ती विश्वासाने उघडली होती. १९९९ च्या सुरुवातीला आतषबाजी दाखवणारा ‘हॅपी९९’ नावाचा प्रोग्रॅमही हाच विश्वास वापरून ईमेलमधून पसरला.

३ डिसेंबर १९९२ ला नील पॅपवर्थ यांनी व्होडाफोनच्या जाळ्यावरून रिचर्ड जार्व्हिस यांना जो पहिला एसएमएस पाठवला, तोही ‘मेरी ख्रिसमस’ असाच होता. तो संगणकावरून धाडला होता. जार्व्हिस यांच्या फोनवर उलट संदेश टाइप करायची सोयच नव्हती.

१९९४ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जुडिथ डोनाथ यांनी ‘इलेक्ट्रिक पोस्टकार्ड’ सुरू केलं. चित्र निवडायचं, खाली आपला मजकूर लिहायचा. समोरच्याला ईमेलने एक क्रमांक मिळे आणि तो देऊन त्याने आपलं कार्ड पाहायचं. माझ्या मते कोल यांच्या कार्डाचा खरा वारसा इथे आहे: चित्र सामाईक, पण कार्ड एका माणसाचं. पुढे या कल्पनेचा बाजार झाला. ईकार्डांचं ‘ब्लू माउंटन’ हे संकेतस्थळ १९९९ मध्ये एक्साइट अॅट होम या इंटरनेट कंपनीने तब्बल ७८ कोटी डॉलरला घेतलं आणि दोनच वर्षांत ३.५ कोटींना विकलं.

आज समूहात ‘सर्वांना शुभेच्छा’ लिहायला एक क्षण लागतो, आणि त्यात वावगं काही नाही. त्याच संदेशाखाली कुणीतरी एखाद्याचं टोपणनाव टॅग करून ‘यंदा तुझी परीक्षा होती ना, कशी गेली?’ असं विचारतं. कोल यांच्या कार्डावरची कोरी ओळ तिथे भरली जाते.