भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम

सरकारी आरोग्य केंद्रांत उच्च रक्तदाबाचे उपचार खंड न पडता चालावेत, यासाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी तो मिळून उभा केला. पहिल्या टप्प्यात पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा व महाराष्ट्र या पाच राज्यांतील २६ जिल्हे निवडले गेले; सातारा आणि सिंधुदुर्ग त्यांत होते.

औषधांची उणीव हे मूळ दुखणे नव्हतेच. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या औषधी वनस्पतीच्या रक्तदाबावरील परिणामाचा अभ्यास १९४९ मध्येच प्रसिद्ध केला होता, आणि पुढे तर स्वस्त व परिणामकारक गोळ्यांची रांगच लागली. अडत होते ते दुसरीकडे. बीपी वाढले तरी बहुधा काही दुखत नाही. गोळी सुरू झाली, दोन महिन्यांनी आकडा उतरला, की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती बंद होते. आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो, हे ध्यानात येत नाही. त्यात केंद्रावर गोळ्या संपलेल्या असल्या तर रुग्णाची एक मजुरी बुडते आणि पुढच्या महिन्यात तो फिरकतच नाही.

उपक्रमाने म्हणूनच डॉक्टरांच्या निवडीला मुद्दाम आवर घातला. राज्यागणिक थोड्या फरकाने उपचारांचा एकच ठरीव क्रम आखला गेला. साधारणतः सुरुवात ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने होते. महिन्याभराने रक्तदाब १४०/९० च्या खाली आला नसेल तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची जोड मिळते. मात्र गरोदरपणात टेल्मिसार्टन चालत नाही. त्यानंतर मात्रा वाढते किंवा क्लोरथॅलिडोन येते. अनुभवी डॉक्टरांना हा साचा वाटू शकतो, पण मोजकीच औषधे लागणार असली की किती रुग्णांना किती गोळ्या लागतील याचा हिशेब आधी मांडता येतो आणि साठा कोरडा पडत नाही. रुग्णाला एका खेपेला किमान ३० दिवसांच्या गोळ्या मिळतात.

मोजणीलाही शिस्त आली. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळायचा नाही. पाच मिनिटे पाठ टेकून बसवायचे, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. आणि पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून नव्हे, उघड्या दंडावर. हे काम परिचारिका करते, त्यामुळे डॉक्टरांची खोली मोकळी राहते. महाराष्ट्रासह काही राज्यांत ती आकडा मोबाइलवरील ‘सिंपल’ या ॲपमध्ये भरते. रुग्णाजवळच्या कार्डावरचा क्यूआर कोड दाखवला की मागची नोंद उघडते. ठरल्या तारखेला कोण आले नाही याची यादीही तिथेच मिळते, आणि मग फोन जातो किंवा आशाताई घरी डोकावते. उपक्रमातली सर्वांत साधी गोष्ट हीच, आणि बहुधा सर्वांत कामाचीही. कोविडच्या टाळेबंदीत गोळ्या घराजवळ पोहोचवण्यासाठी हीच घडी उपयोगी पडली.

२०२२ पर्यंत उपक्रम २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत पोहोचला आणि ३४ लाखांहून अधिक रुग्ण त्याखाली आले. त्या वर्षी त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. उपचाराखालील जवळपास निम्म्या रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात असल्याचे तेव्हा नोंदले गेले.

हा आकडा वाचताना मात्र जपून. तो सरकारी केंद्रात नोंद झालेल्यांचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतले पुष्कळ जण खासगी दवाखान्यात जातात किंवा जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी घेतात. त्यांची गोळी चुकली तर फोन कुणाचाच येत नाही.