वीरगळ

लढाईत कामी आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. महाराष्ट्र आणि कर्नाटकात वीरगळ मोठ्या संख्येने आढळतात. महाराष्ट्रातले बरेचसे शिलाहार-यादव काळातले आहेत. तमिळनाडूतले ‘नडुकल’ आणि सौराष्ट्रातले ‘पाळिया’ हे त्यांचेच भाऊबंद.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळच्या चौकटीत वीर आडवा पडलेला दिसतो किंवा ढाल-तलवार घेऊन झुंजताना. शेजारी गाई कोरल्या असतील तर गोधन पळवणाऱ्यांशी लढताना तो पडला, असे समजावे. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. वीर जैन असल्यास तिथे तीर्थंकर येतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहो. अप्सरांमागची कल्पना कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवरच्या एका संस्कृत श्लोकात उघड सांगितली आहे: जिंकला तर लक्ष्मी, मेला तर सुरांगना, क्षणभंगुर देहाला रणातल्या मरणाची कसली चिंता? शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल, तर ती सतीशिळा. पराक्रमाच्या या गौरवात घरच्या बाईची आहुतीही धरलेली होती, हे विसरून चालत नाही.

कर्नाटकातले वीरगळ पुष्कळदा लेखासह मिळतात. दहाव्या शतकातल्या आतकूरच्या शिळेवर तर रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्याचे स्मरण आहे. महाराष्ट्रातले बहुसंख्य मात्र मुके. कुत्र्याचे नाव उरले आणि इथल्या शेकडो माणसांची गेली! सातारा जिल्ह्यात किकलीच्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात कितीतरी वीरगळ आहेत. त्यांतले वीर कोणाच्या बाजूने लढले, हे कोरीव कामावरून कळत नाही.

मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळ वेगळे ठरतात. काहींवर हत्तींसह जमिनीवरची लढाई, तर काहींवर वल्ह्यांच्या युद्धनौकांची रांग आहे. यादव राजा महादेव (कारकीर्द सुमारे 1261 ते 1271) आणि कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातला हा संग्राम असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे महादेवाचा मंत्री हेमाद्री याने सूचित केले आहे. पण शिळांवर नाव नसल्याने या मताला शिळांचा स्वतःचा पुरावा नाही.

गावोगावी वीरगळ शेंदूर लावून देव म्हणून पुजले जातात, पारावर रचले जातात, नाहीतर पायरीत बसवले जातात. शेंदराच्या नि ऑइलपेंटच्या थरांखाली शस्त्रे, खोगीर, केशभूषा असले बारकावे बुजतात; त्या काळच्या साध्या शिपायाचे असे चित्रण इतरत्र फारसे मिळत नाही.