तिवानाकूच्या चुलीतली राख

३,८५० मीटर उंचीवर पाणी साधारण ८७ अंशालाच उकळायला लागतं. म्हणजे बटाटे उकडायला ठेवले तर उकळी लगेच दिसते पण बटाटा काही लवकर शिजत नाही, चूल पेटतीच ठेवावी लागते, आणि आजूबाजूला बघावं तर सरपणाला झाडं जवळपास नाहीतच. मग जाळायचं काय? लामाचं वाळलेलं शेण. (लामा म्हणजे उंटाच्या कुळातला तो लोकरवाला प्राणी, तिबेटातले नव्हेत.) लामाचा कळप ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, त्यामुळे गोळा करायला त्रास नाही आणि गोवऱ्यांसारखं थापत बसायलाही नको.

हे सगळं तिवानाकूचं. बोलिव्हियात, टिटिकाका तलावाच्या दक्षिणेला, इ.स. ५०० ते १००० च्या आसपास भरभराटीला आलेलं शहर. टुरिस्ट जातात ते सूर्यद्वार बघायला आणि अकापाना नावाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकाडावर चढायला, फोटो काढले की परत बसमध्ये. लोक राहायचे कुठे हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी दाखवायला फार काही नाहीये, कारण देवळं दगडाची आणि घरं कच्च्या विटांची. पायात गोटे, वर मातीच्या विटा, त्यावर गवताचं छप्पर. हजार वर्षांच्या पावसात भिंती विरघळून गेल्या. उरली ती चोपलेली जमीन, चुलीची काळी जागा, पायाचे गोटे आणि खड्डे. खड्डे तर इतके की विचारू नका!

जॉन जानुसेक या पुरातत्त्वज्ञाने हेच खड्डे आणि जमिनी वर्षानुवर्षं खणल्या. त्यातून दिसलं ते असं की इथे सुटी सुटी घरं नव्हती, मोठमोठे वाडे होते, भोवती जाड भिंत, आत चार-दोन कुटुंबं, मधे अंगण, एखादी खोली फक्त स्वयंपाकाची, धान्य ठेवायला जागा, आणि दोन वाड्यांच्या मधून गल्ली, गल्लीतून सांडपाण्याचा चर. वाड्यांच्या भिंती उत्तरेपासून काही अंश कललेल्या, आणि गंमत म्हणजे तिथल्या देवळांचा कलही जवळपास तोच.

आता खड्ड्यांचं. विटांसाठी माती काढली की खड्डा पडतो, मग त्यात टाका कचरा, असं बऱ्याच खड्ड्यांचं झालेलं दिसतं. आत शेणाची राख, लामाची हाडं, फुटके रांजण, फुटके पेले. इतकी राख रोजच्या जेवणाची असेल का? बरीचशी चिचाची असणार. चिचा म्हणजे मक्याची दारू, मक्याला मोड आणायचे, दळायचं, तासन्‌तास उकळायचं आणि रांजणात आंबवायचं. ती फार दिवस टिकत नाही म्हणून केली की संपवायची, एकट्याने नाही, सगळ्या वाड्याने आणि पाहुण्यांनी मिळून. मका तिथल्या थंडीत धड येत नाही, तो पॅसिफिकच्या बाजूच्या मोकेग्वासारख्या खालच्या, उबदार खोऱ्यांतून लामांच्या पाठीवर लादून आणायचा. रोजचं खाणं वेगळं, बटाटा, किन्वा, तलावातले मासे, लामाचं मांस. आणि चुन्यो, म्हणजे रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवायचे, सकाळी पायाने तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. एकदा झाला की वर्षानुवर्षं टिकतो. फ्रीझ-ड्राय आपण नवीन समजतो, असो.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की शहर एक पण वाडे आपापल्या वळणाचे. पूर्वेच्या टोकाला चीजी जाविरा नावाची वस्ती होती, तिथे कुंभार. भांडी उघड्यावरच भाजायचे, धूर होणार म्हणून वस्ती कडेला असावी. त्यांची भांडी शहराच्या मध्यातल्या भांड्यांपेक्षा वेगळी दिसतात. टेकड्यांच्या पलीकडे लुकुरमाता या त्याच काळातल्या गावात एका वाड्यात लामाच्या हाडांपासून बासऱ्या बनायच्या, घरातच, स्वयंपाक चालू असताना बाजूला हाडं कापणं चालू. आणि डोकी! आपल्याकडे आजी बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून राईच्या उशीवर झोपवते, तिथे पट्ट्या किंवा फळ्या बांधून तान्ह्याच्या डोक्याला मुद्दाम आकार द्यायचे. डेबोरा ब्लॉम यांनी कवट्या तपासल्या तर लुकुरमाताच्या खोऱ्यात एक तऱ्हा, मोकेग्वात दुसरी, आणि तिवानाकू शहरात दोन्ही. म्हणजे माणूस कुठल्या लोकांतला हे चेहरा बघूनच कळत असणार.

श्रीमंतांचं वेगळंच. पुतुनी नावाच्या भागात आधीची घरं आणि स्वयंपाकघरं सपाट करून वर नवा वाडा उठवला, भिंतींवर लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या रंगांचे थरावर थर, खालून दगडी गटार.

पण बांधकामाच्या वेळची एक गोष्ट साध्या घरांतही सापडते. काही घरांच्या जमिनीखाली लामाची न जन्मलेली पिल्लं पुरलेली आहेत. जमिनीला नैवेद्य. तिवानाकूपासून साधारण ७० किलोमीटरवर ला पाझमध्ये आजही एक बाजार आहे, चेटकिणींचा बाजार म्हणतात त्याला, तिथे दुकानाबाहेर वाळवलेली लामाची भ्रूणं टांगलेली असतात, लहान-मोठी, लोकर आलेली आणि न आलेली. गिऱ्हाईक म्हणजे नवीन घर बांधणारी माणसं, सिमेंट ओतायच्या आधी पायात पुरायला नेतात.