जोलिएटचं कॉलेज: हायस्कूलच्या इमारतीतून सात काउंट्यांपर्यंत

शिकागोच्या नैऋत्येला प्लेनफिल्ड, शोरवूड या भागात घर घेतलं की घरपट्टीचं बिल येतं. शाळेचा वाटा किती, वाचनालयाचा किती, बागांचा किती, अग्निशमन दलाचा किती, असं त्यात सुटं सुटं छापलेलं असतं. त्याच यादीत एक ओळ असते: कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्ट 525, म्हणजे तिथल्याच जोलिएट गावातल्या सार्वजनिक कॉलेजचा वाटा. आकडा बघून बरेचजण पुढे जातात. मला मात्र त्या बिलातली ही सगळ्यात मोलाची ओळ वाटते.

गोष्ट 1901 सालची. जोलिएट तेव्हा चुनखडीच्या खाणींचं आणि पोलाद कारखान्यांचं गाव होतं. कामगाराच्या पोरानं हायस्कूल पुरं केलं तरी खूप झालं, अशी परिस्थिती. पुढे शिकायचं तर गाव सोडायचं आणि फीबरोबर खोलीचा, जेवणाचा खर्च उचलायचा. तिथल्या टाउनशिप हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्याशी विचारविनिमय करून साधा मार्ग काढला: पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास हायस्कूलमध्येच शिकवायचा. सुरुवातीला विद्यार्थी होते सहा. स्वतंत्र इमारत नव्हती, स्वतंत्र नावही नव्हतं. पुढच्याच वर्षी शाळेच्या मंडळानं या वर्गांना रीतसर मान्यता दिली आणि ते विनाशुल्क केले. ‘जोलिएट ज्युनियर कॉलेज’ हे नाव आलं 1916 मध्ये. अमेरिकेतलं सर्वात जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणतात ते हेच.

इथे मराठी वाचकाचा हमखास गोंधळ होतो. 1975 पासून आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तिथे बारावी हायस्कूलमध्येच होते आणि ‘ज्युनियर’ म्हणजे पदवीच्या चार वर्षांतली पहिली दोन. हा शब्द हार्पर यांच्याकडून आला. विद्यापीठानं जर्मन धर्तीवर संशोधनात लक्ष घालावं, प्राथमिक स्वरूपाची पहिली दोन वर्षं शक्य तर दुसऱ्या कुणी सांभाळावीत, असं त्यांचं मत होतं. म्हणजे एकाला विद्यापीठावरचा भार कमी करायचा होता आणि दुसऱ्याला गावातल्या मुलांना गावातच शिकवायचं होतं. हेतू वेगळे, वाट एक. माझ्या मते टिकला तो ब्राउन यांचा हेतू.

टिकणं सोपं नव्हतं. महामंदीत, 1933 साली, शेजारच्या शिकागो शहरानं पैशाअभावी आपलं क्रेन ज्युनियर कॉलेज बंद केलं; दुसऱ्या वर्षी शहरात नव्यानं तीन कॉलेजं सुरू करावी लागली. जोलिएटचे वर्ग मात्र चालू राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीवर शिकायला निघालेल्या सैनिकांनी देशभरातली कॉलेजं भरून गेली. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगानं गावोगावी अशी सार्वजनिक कॉलेजं काढावीत अशी शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं.

बिलातली ती ओळ मात्र यानंतरची. 1965 मध्ये इलिनॉय राज्यानं कायदा केला, त्यामुळे अशा कॉलेजांना शाळेपासून वेगळं होऊन आपला स्वतंत्र जिल्हा (म्हणजे कॉलेजचं कार्यक्षेत्र), स्वतःचा कर आणि स्वतःचं निवडून आलेलं मंडळ मिळायची सोय झाली. 1967 मध्ये जोलिएट शाळेतून बाहेर पडलं आणि थोड्याच काळात गावाच्या पश्चिमेला हुबोल्ट रस्त्यावरच्या जागेत गेलं. आज त्याचा जिल्हा सात काउंट्यांना, म्हणजे राज्याच्या सात प्रशासकीय विभागांना, स्पर्श करतो. खर्च भागतो तो घरपट्टी, राज्याचं अनुदान आणि फी यांतून. जिल्ह्यात राहणाऱ्याला फी कमी पडते, कारण कराच्या रूपानं त्यानं आधीच हातभार लावलेला असतो.

संध्याकाळी साडेपाचला कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं की हा पैसा कुठे जातो ते दिसतं. गोदामातली पाळी संपवून कामाच्या बुटांतच कुणी वर्गाकडे धावतो. एखादी आई गाडीतच डबा खाऊन नर्सिंगच्या वर्गाला जाते. तिच्याच मागून हायस्कूलचा मुलगा येतो, त्याला कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक, आधीच गाठीला बांधायचे असतात. कुणी वेल्डिंग शिकतं, कुणी स्वयंपाक, कुणी शेती, कुणी नुसतं इंग्रजी. ऐंशीच्या दशकात पोलादाचं काम गेलं, मग मालवाहतूक आणि गोदामं आली. गावाला लागणारं कसब बदललं तसे इथले अभ्यासक्रमही बदलत गेले.

अशा कॉलेजांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: दोन वर्षांची पदवी पुरी न करताच बरेच विद्यार्थी गळतात. ते खरं आहे आणि त्याची काळजी करायलाच हवी. फी, मुलं, नोकरीच्या बदलत्या पाळ्या यांत माणूस अडकतो, त्याला वेळेवर आधार मिळायला हवा. पण वेल्डिंगचे दोन कोर्स करून चांगली नोकरी धरलेला माणूसही काही आकडेवारीत ‘गळालेला’च मोजला जातो, हे मला पटत नाही.

कॉलेजच्या मंडळावर सात सदस्य असतात, मुदत सहा वर्षांची. निवडणूक विषम वर्षांत एप्रिलमध्ये होते, तीही शाळा आणि नगरपालिकांच्या मतपत्रिकेवरच. मतदानाला फार गर्दी नसते. नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांनी त्या दिवशी जरूर जावं, कारण फी किती ठेवायची आणि कुठला अभ्यासक्रम चालू ठेवायचा हे शेवटी त्या सातजणांच्याच हाती असतं.