आमची पक्ष्यांची ट्रिप रविवारी का नसते?

गुहागर-हर्णै ट्रिपला येणाऱ्यांसाठी माहिती (फाल्गुन-चैत्र)

साताऱ्याहून एक टेम्पो ट्रॅव्हलर, गुहागरला एक मुक्काम, एवढीच आपली ट्रिप. आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, की शनिवार-रविवार का ठेवत नाही, मधल्या वारी सुट्टी कोण देणार? प्रश्न बरोबर आहे, पण ही ट्रिप आम्ही वार बघून नाही, तिथी बघून लावतो, आणि ते का हे एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हा कागद.

समुद्रकाठचे पक्षी भरतीच्या तालावर चालतात. ओहोटीला पाणी लांब गेलं की चिखले (प्लोव्हर), तुतारी (सँडपायपर), लांब वाकड्या चोचीचे कर्ल्यू असले सगळे किनाऱ्यावरचे पक्षी त्या ओल्या वाळूत किडे-शिंपले शोधत पार आत जातात, तुम्ही किनाऱ्यावर उभे राहून दुर्बीण लावली तरी नुसते ठिपके. भरती चढायला लागली की पाणीच त्यांना ढकलत ढकलत तुमच्याकडे आणतं आणि शेवटी कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर सगळे एका जागी गोळा होऊन बसतात. म्हणजे भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन-अडीच तास, तोच खरा टाइम. आता दुसरी गोष्ट, आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात, संध्याकाळी तोच सूर्य तोंडावर आणि पक्षी नुसते काळे. सूर्यास्ताचे फोटो छान येतात, पक्षी ओळखू येत नाहीत.

तर सकाळ पण पाहिजे आणि चढती भरती पण पाहिजे. हिशेब कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा (वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं). गावागणिक तासाभराचा फरक पडतो, पण अंदाजाला पुरतं. म्हणून आपल्या तारखा द्वादशी ते चतुर्दशीच्या आसपास, महिन्यातून दोनदाच. शिवाय त्या दिवसांत उधाण जवळ आलेलं असतं, पाणी जास्त वर चढतं, वाळूचा पट्टा अरुंद होतो, पक्षी अजून जवळ. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, तेवढी मजा नाही. रविवार त्यात बसला तर तुमचं नशीब. आणि हो, एकादशी, प्रदोष, शिवरात्र सगळं ह्याच दिवसांत येतं, त्यामुळे उपास करणाऱ्यांनी आधी सांगा, खिचडीची सोय होते, नाहीतर बाकीचे सुरमई खात असताना तुम्ही केळं सोलत बसाल.

आता फाल्गुन-चैत्रच का, थंडीत का नाही? थंडीतही पक्षी असतातच, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून येतात. पण मार्चमध्ये ते परत निघायच्या तयारीत असतात आणि कपडे बदलतात. आपले तपकिरी डोक्याचे कुरव (सीगल) घ्या. थंडीत डोकं पांढरं, कानामागे फक्त एक काळपट टिकली. मार्चमध्ये त्याच डोक्यावर गडद तपकिरी रंग चढतो, पण सगळ्यांचा एकदम नाही, एकाचं डोकं पूर्ण, शेजारच्याचं कपाळ अजून पांढरं, जसं काही डाय अर्धा लावून उठलाय. छोटे चिखले थंडीत मातकट असतात, त्यांच्या छातीवर विटकरी पट्टा येतो आणि डोळ्यांवरून काळी पट्टी. डनलिन म्हणून एक छोटी तुतारी असते, तिच्या पोटावर काळा डाग. हे कुरव आणि ह्या चिखल्यांची एक जात लडाखच्या उंच तलावांवर घरटी करतात, त्यामुळे जूनमध्ये पँगाँगला जाणाऱ्यांनी तिकडेही वर मान करून बघा. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक कुरव गेलेले असतात, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ही ट्रिप लावा असा आग्रह करू नका, आम्ही ऐकणार नाही.

निघायच्या आधी हे पक्षी पोटभर खाऊन अंगात चरबी साठवतात, काहींचं वजन जवळपास दुप्पट होतं, तेच त्यांचं पुढच्या प्रवासाचं पेट्रोल. म्हणून थव्यामागे पळायचं नाही, पोरांना पळवायचं नाही, रीलसाठी तर अजिबातच नाही. वाळूवर गाडी घालायची नाही (आमचा ड्रायव्हर घालणार नाही, त्याला गळ घालू नका). कुरवांना वेफर्स-फरसाण टाकायचं नाही.

दुर्बीण ८ बाय ४२ पुरते. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. १२ पट घेऊन येणाऱ्यांचा हात हलतो आणि चित्रही. आमच्याकडे काही दुर्बिणी आहेत, आधी सांगितलं तर ठेवतो. पक्ष्याच्या पायात रिंग किंवा रंगीत फ्लॅग दिसला तर फोटो काढा, त्यावरची अक्षरं बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवता येतात. सुरूच्या बनाकडेही लक्ष असू द्या, समुद्री गरुड उंच झाडावर बसलेला असतो.

पहिल्या दिवशी सकाळी निघून कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असं जातो, पाच तास धरा. घाटात उलटीचा त्रास असेल तर पाटणला मिसळ टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळचं बघून झालं की धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ आणि तिथून हर्णै, मासळीच्या लिलावाला. कुरव तिथे हमखास, वास पण हमखास.

ज्यांना मधल्या वारी जमणारच नाही त्यांनी आपल्या खटाव तालुक्यातलं मायणी नाहीतर येरळवाडी करा, तिथे भरती-ओहोटीची कटकट नाही, फ्लेमिंगो आले असतील तर आख्खा दिवस जातो. येताना शाळूच्या रानात भोरड्या (गुलाबी मैना) बघा, त्यासुद्धा एप्रिलमध्ये निघतातच. त्याला आमची गाडी लागत नाही, टू-व्हीलरवर होतं.

पुढच्या तारखा ऑफिसात कॅलेंडरवर लाल पेनने गोल केलेल्या आहेत, बुकिंग निम्मे पैसे भरून, आणि तिथी बदलून मिळणार नाही.