लेसिक शस्त्रक्रिया

लेसिक : डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, लेसरने नवा बाक देऊन चष्म्याचा नंबर घालवणारी किंवा बराच उतरवणारी शस्त्रक्रिया. ‘लेसर इन सिटू केरॅटोमिल्युसिस’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द आला. त्यातल्या ग्रीक-लॅटिन शब्दांचा अर्थ ‘पारपटल जागच्या जागी कोरणे’ असा आहे. बोलताना लोक ‘नंबर काढून टाकला’ किंवा नुसते ‘लेसर केले’ म्हणतात. ‘काढून टाकला’ हे अर्धेच खरे. डोळ्यातली जी उणीव आजवर चष्म्याची काच भरून काढत होती, ती आता पारपटलाचा बदललेला आकार भरून काढतो. आतला डोळा पूर्वी होता तसाच राहतो. फायदे, मर्यादा आणि धोके हे तिन्ही याच एका गोष्टीतून निघत असल्याने शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने ती आधी मनात पक्की करावी.

डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर असते; चष्म्याचा नंबरही याच मापात मोजतात. त्यातले ४३ च्या आसपास एकटे पारपटल पुरवते; उरलेले काम आतल्या नेत्रभिंगाचे. निकटदृष्टितेत, म्हणजे उणे नंबर असताना, डोळ्याचा गोळा बहुधा गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो आणि प्रतिमा मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, अलीकडेच तयार होते. लांबी एका मिलिमीटरने वाढली तरी साधारण अडीच ते तीन नंबर लागतो. अशा वेळी पारपटलाचा मधला भाग थोडा सपाट केला की प्रतिमा मागे सरकून जागेवर येते. अधिकचा (प्लस) नंबर असेल तर कडेचा भाग घासून मधला उंचवटा वाढवतात, आणि सिलिंडर नंबर, म्हणजे दोन दिशांना वेगवेगळा बाक, असेल तर एका दिशेला जास्त व दुसरीला कमी घासतात.

पारपटल मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे सगळी पुंजी अर्ध्या मिलिमीटरच्या जराशी वर. एक नंबर उतरवायला ६ मिलिमीटर रुंदीच्या वर्तुळातून किमान १२ मायक्रॉन थर उडवावा लागतो. चार्ल्स मनरलिन यांच्या सूत्रातून हा आकडा येतो : नंबर गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले तीन. उणे ५ नंबर असलेल्याचे ६० मायक्रॉन जातात. वरचा फ्लॅप, म्हणजे लेसर देण्यासाठी कापून उचलायचे पारपटलाचे पातळ झाकण, ११० मायक्रॉनचा धरला, तर ५४० मधून खाली ३७० उरतात आणि डोळा निर्धास्त राहतो. पण पारपटल मुळात ४९० चे आणि नंबर उणे ९ असेल, तर १०८ मायक्रॉन जाऊन खाली २७२ च उरतात. फ्लॅपखाली निदान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत असा दंडक आहे आणि पुष्कळ शल्यविशारद ३०० च्या खाली जायला राजी नसतात. गेलेला थर पुन्हा भरून येत नाही. म्हणून एखाद्याला ‘तुमचे होणार नाही’ असे सांगून परत पाठवणारा डॉक्टर त्याचे नुकसान करत नसतो. तो त्याचा डोळा वाचवत असतो.

इतिहास : पारपटल कोरण्याची कल्पना लेसरहून जुनी आहे. नेत्रतज्ज्ञ होसे इग्नासिओ बाराकेर यांनी ती १९४९ मध्ये मांडली आणि पुढे कोलंबियातल्या बोगोटा शहरात विकसित केली. पारपटलाची चकती कापून काढायची, ती गोठवून लेथवर घासायची आणि पुन्हा डोळ्यावर शिवायची, असा तो उद्योग होता. ‘जागच्या जागी’ या शब्दांचे मोल त्यावरून कळते. १९७० च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी पारपटलावर सायकलच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली. तिने नंबर उतरत असे, पण चिरांमुळे पारपटल कायमचे कमकुवत होई आणि वर्षानुवर्षे नंबर अधिकाकडे सरकत राही.

खरे वळण आले ते डोळ्यांशी काहीही संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत. न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे अतिनील किरण सोडणाऱ्या एक्सायमर लेसरवर काम करत होते. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे, तिथल्याच विद्यापीठात शिकलेले. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, म्हणजे अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरच्या जेवणातले उरलेले टर्कीचे मांस प्रयोगशाळेत नेले आणि त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील किरण सोडला. दुसऱ्या, हिरव्या लेसरने तेच मांस करपले. एक्सायमरने मात्र कडा जराही न भाजता स्वच्छ खाच पाडली. हा किरण ऊतीतल्या रेणूंचे बंध थेट तोडतो; उष्णता शेजारी पसरण्याआधीच तुटलेला कण उडून गेलेला असतो. एका ठोक्यात जेमतेम पाव मायक्रॉन थर जातो. कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी याचे महत्त्व ओळखले आणि १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्याबरोबर पारपटलावरच्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला. १९८८ मध्ये मार्गेरिट मॅक्डॉनल्ड यांनी दिसत्या माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा हा लेसर वापरला. क्रीट बेटावरच्या विद्यापीठात इओआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास बाराकेर यांचा पातळ काप आणि एक्सायमर लेसर यांची सांगड घातली व तिला लेसिक हे नाव दिले. फ्लॅप सुरुवातीला पात्याने कापत. आता तो बहुतेक ठिकाणी फेम्टोसेकंद लेसरने कापतात. अशा अतिलघु स्पंदांच्या लेसरचे मूळ तंत्र डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये शोधले. त्यासाठी २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना विभागून मिळाला.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या : हा टप्पा शस्त्रक्रियेइतकाच, माझ्या मते तिच्याहूनही, महत्त्वाचा आहे. वय १८ पूर्ण हवे आणि निदान वर्षभर नंबर हललेला नसावा. कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून मऊ लेन्स तपासणीआधी एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून बऱ्याच आधी बंद करतात. गरोदरपणात व अंगावर दूध पाजत असताना नंबर वरखाली होतो. तेव्हा थांबणेच योग्य. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटलाच्या कडा पाहतात, अश्रूंचे प्रमाण मोजतात आणि पारपटलाचा उंचसखलपणा दाखवणारा रंगीत नकाशा काढतात.

हा नकाशा मुख्यतः केरॅटोकोनस हुडकण्यासाठी असतो. या विकारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. सुरुवातीला तो नुसत्या वाढत्या सिलिंडर नंबराच्या रूपात लपलेला असतो, आणि अशा डोळ्यावर लेसर चालवला तर पारपटल आणखी फुगून नजर कायमची बिघडू शकते. लेसिकनंतर येणाऱ्या अशा फुगवट्याचे पहिले वर्णन थिओ सायलर यांनी १९९८ मध्ये केले. आपल्याकडे ही भीती दूरची नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टरच्या वर हा निकष लावल्यावर, २.३ टक्के प्रौढांत केरॅटोकोनस आढळला. डोळे सतत चोळण्याची सवय आणि घरात कुणाला हा विकार असणे, या दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगाव्यात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया : इंजेक्शन नसते, भूल फक्त थेंबांची. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा लावतात. दुखत नाही, पण ताण जाणवतो. मग डोळ्यावर एक कडे बसवून हवा खेचतात. दाब वाढतो आणि काही क्षण समोरचे सगळे अंधारून येते. हे आधी सांगितलेले नसेल तर माणूस घाबरतो. तेवढ्यात फ्लॅप कापून होतो. तो डबीच्या बिजागरीच्या झाकणासारखा एका कडेला जोडलेला राहतो. डॉक्टर तो उचलून बाजूला करतात तेव्हा समोरचा लुकलुकणारा दिवा पाण्याखाली पाहावा तसा विरघळतो. त्या विरघळलेल्या ठिपक्याकडेच पाहत राहायचे असते. लेसरची टकटक सुरू होते आणि केस जळल्यासारखा वास येतो. तो ऊतीचे कण उडाल्याचा असतो, काही भाजत असल्याचा नसतो. डोळा हलला तर यंत्र त्याचा माग ठेवते आणि फारच सरकला तर आपोआप थांबते. बहुतेक नंबरांना मिनिटभराहून कमी वेळ पुरतो. शेवटी फ्लॅप जागेवर ठेवून खालची जागा धुतात आणि ओल्या स्पंजाने सुरकुत्या काढतात. टाका घालत नाहीत. दोन्ही डोळे मिळून अर्ध्या तासात माणूस उठून बसतो, आणि भिंतीवरच्या घड्याळातली वेळ त्याला धुक्यातून का होईना, वाचता येते.

नंतरचे दिवस : पहिले चार ते सहा तास त्रासाचे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. गॉगल लावून घरी जावे, थेंब घालावेत आणि झोपावे. जाग येईपर्यंत बरेचसे निवळलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्कळांना ६/६ ची, म्हणजे निर्दोष नजरेची, ओळ वाचता येते. उणे सहा-सात नंबरात वाढलेल्या माणसाला अंथरुणातूनच पंख्याची पाती वेगवेगळी दिसतात, न्हाणीघरात साबण चाचपावा लागत नाही. हा आनंद खरा असतो आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

पण जखम भरायची असते. आठवडाभर डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचे नाही, म्हणून डोके धुताना मान मागे टाकून दुसऱ्याकडून धुवून घेतात. झोपेत हात लागू नये म्हणून रात्री प्लॅस्टिकची ढाल चिकटवतात. प्रतिजैविकाचे व स्टिरॉइडचे थेंब ठरल्या दिवसांपुरते घालायचे. स्टिरॉइड मनाने चालू ठेवल्यास डोळ्यातला दाब वाढतो. काजळ, विहिरीत पोहणे, रंगपंचमी आणि मिरवणुकीतला गुलाल निदान महिनाभर वर्ज्य. लग्नाच्या तारखेवर डोळा ठेवून शस्त्रक्रिया उरकण्याची आपल्याकडची पद्धत त्यामुळे मला पटत नाही. हळद, अक्षता, डोळ्यांचा मेकअप आणि रात्रीची जागरणे यांत ताजा फ्लॅप घालू नये. मधे दोन-तीन महिने तरी सोडावेत. मुळात चष्म्यावरून स्थळ नाकारणाऱ्यांसाठी कुणीही आपल्या पारपटलाला हात लावून घेऊ नये.

सर्वांत जास्त लोकांना जाणवणारा त्रास कोरडेपणाचा. फ्लॅप कापताना पारपटलातल्या बारीक नसा तुटतात. डोळा कोरडा पडल्याची वर्दी याच नसा मेंदूला देतात. ती वर्दी थांबते, पापण्या कमी लवतात आणि अश्रू आटतात. नसा पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष लागते. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब जवळ ठेवावे लागतात, आणि वातानुकूलित कचेरीत दिवसभर पडद्याकडे पाहणाऱ्याला ते जास्त लागतात. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये किंवा फाटे दिसणे हा दुसरा त्रास. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक लोक समाधानी होते. त्याच पाहणीत, आधी असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी वलये, चकाकी, दुहेरी प्रतिमा यांपैकी काही ना काही नव्याने दिसत होते. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. बहुतेकांना मिळालेल्या नजरेपुढे हा त्रास सोसवतो, थोड्यांना सोसवत नाही. क्वचित जंतुसंसर्ग होतो किंवा फ्लॅप सरकतो. अचानक दुखू लागले, डोळा लाल झाला किंवा नजर उतरली तर ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.

इतर पद्धती : पीआरके (फोटोरिफ्रॅक्टिव्ह केरॅटेक्टॉमी) या पद्धतीत फ्लॅप नसतो. पारपटलाचा फक्त वरचा पातळ थर खरवडून लेसर देतात आणि चार-पाच दिवस पट्टीसारखी लेन्स बसवतात. पहिले दोन-तीन दिवस चांगलेच दुखते आणि नजर स्थिर व्हायला काही आठवडे जातात. पण लेसिकचा फ्लॅप आतून कधीच पूर्वीइतका घट्ट चिकटत नाही आणि जोराचा मार लागून वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे आहेत. म्हणून कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्याला पीआरके बरी. स्माइल या पद्धतीत फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या पोटातच भिंगाच्या आकाराची चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती ओढून काढतात. मोठ्या नंबराला किंवा पातळ पारपटलाला डोळ्याच्या आत बसवायची लेन्स हा पर्याय आहे. नोकरीसाठी शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी जाहिरातीतले वैद्यकीय निकष आधी वाचावेत. सैन्यदलांत ठरावीक अटींवर ती चालते. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीत मात्र लेसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो.

पुढची वर्षे : लेसिकने चाळिशी टळत नाही. ती नेत्रभिंग ताठर झाल्याने लागते आणि लेसर चालतो तो पारपटलावर. उणे दोन-तीन नंबरचा माणूस चाळिशीनंतर चष्मा काढून पोथी वाचू शकतो. लेसिकनंतर त्याची ही सोय जाते. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर शस्त्रक्रियेला निघालेल्याला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे. मोठ्या उणे नंबराचा डोळा लांबच राहत असल्याने दृष्टिपटल फाटण्याची जोखीमही तशीच राहते. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक दिसू लागली तर दृष्टिपटल तपासून घ्यावे. पारपटल पातळ झाल्यामुळे डोळ्यातला दाब मोजताना खऱ्याहून कमी भरतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. पुढे मोतीबिंदू झाल्यावर आत बसवायच्या भिंगाचा नंबर पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेसिक झालेल्या डोळ्यात ते नेहमीचे गणित चुकते. त्यासाठी शस्त्रक्रियेआधीचा नंबर, वक्रता आणि जाडी यांचे कागद उपयोगी पडतात. रुग्णालये जुन्या फायली कायम ठेवतीलच असे नाही, म्हणून ते कागद घरी, सातबारा आणि दाखले ठेवतो त्याच कपाटात ठेवावेत.